तारबाबूंच्या घरी तारेच्या खुर्च्या

बाबांच्या शेवटच्या साध्या दिवशी त्यांच्या पाठीवर खुर्ची उमटली होती.

रविवार होता, चैत्र संपत आलेला. आमच्या भंडाऱ्यात त्या दिवसांत सकाळीच सावलीसुद्धा तापते. बाबा ओसरीत उघड्या अंगानं तारेच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होते. पाणी प्यायला उठले, तर मानेखालून कमरेपर्यंत लालसर चौकटींची जाळी. मला हसू आलं.

"हास," ते म्हणाले. "चौकडीचा सदरा आहे हा. धुवाचं काम नाही, इस्त्रीचं काम नाही."

मग परत बसले आणि पेपरातून डोकं वर न काढता त्यांनी विचारलं, "पोरी, काहून गप्प राहून राहिली तू? तो बिचारा येते, चहा पिते, जाते."

मी म्हणाले, विचार करून राहिली.

"विचार नाही, राग करून राहिली. राग असू दे. मलेही आहे. पण राग कोणावर अन् शिक्षा कोणाले, एवढं पाह्य."

मी म्हणाले, उद्या सांगते.

"उद्या सांग," ते म्हणाले, आणि पेपराचं पान उलटलं.

तो 'बिचारा' म्हणजे भोजराज. त्याची गोष्ट त्या रविवारच्या आदल्या वर्षापासून सांगायला हवी, म्हणजे खुर्च्यांपासून.

माझे वडील आनंदराव भंडाऱ्याच्या पोस्टात तारबाबू होते. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. बाबांचं मूळ गाव आसगाव. तिथं त्यांच्या वडिलांना मालगुजाराच्या ओसरीखाली उभं राहावं लागे, आणि बसायचंच झालं तर मातीत. छप्पन साली आमचं घर बौद्ध झालं, बाबा शिकले, नोकरीला लागले, आणि एकोणऐंशी साली त्यांनी स्वतःच्या दोन खोल्या आणि एक ओसरी बांधली. घरात पहिली वस्तू कोणती यावी, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. पलंग नाही, कपाट नाही... खुर्च्या.

"या घरी जो येईन तो खुर्चीवर बसन," ते म्हणाले होते. "मोठा असो, लहान असो. खाली कोणीच नाही."

मी तेव्हा वाचनालयात कामाला होते. घरी येताना खांब तलावाजवळ एका दुकानावर पाटी दिसली — वायरच्या खुर्च्या मिळतील. आमच्याकडे वायरची खुर्ची म्हटलं की एकच अर्थ: लोखंडी सांगाडा आणि त्यावर हिरव्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या वायरची वीण. आत एक माणूस तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा धरून वेल्डिंग करत होता. मी उंबऱ्यातूनच चार खुर्च्या सांगितल्या, रंग हिरवा असू द्या म्हटलं, आणि ठिणग्यांना भिऊन निघून आले. त्यानं मुखवट्याआडून मान हलवली, एवढंच.

खुर्च्या तयार असल्याचा निरोप आला. गेले, तर समोर चार विचित्र वस्तू. नुसत्या सळया. वाकवलेल्या, एकीत एक अडकवलेल्या, पाठ आणि बैठक एकाच जाळ्याची, आणि आरपार पलीकडचा तलाव दिसतोय. रंग मात्र हिरवा.

"वायर कुठं आहे?" मी विचारलं.

"हे काय... पुरी वायरच तर आहे."

आज मुखवटा नव्हता. डोळे हसरे होते, भुवईवर काजळी.

"हा तर पिंजरा आहे."

"पिंजऱ्याले दार असते. याले दाखवा कुठं आहे."

"मग विणायचं राहून गेलं असेल."

"विणलं आहे ना... लोखंडानं विणलं."

मला राग आला होता, पण हसूही येत होतं, आणि ही दोन्ही एकदम येणं फार गैरसोयीचं असतं. त्यानं सांगितलं ते असं: नागपुरात आयटीआय करताना रद्दीतल्या एका विलायती मासिकात त्यानं अशा खुर्चीचं चित्र पाहिलं होतं. तेव्हापासून ती डोक्यातून गेली नाही. दिवसभर तो लोकांच्या खिडक्यांच्या ग्रिल करायचा, आणि उरलेल्या सळयांतून अशा खुर्च्या. आजवर एकही विकली गेली नव्हती. मी पहिलीच, जिनं विचारपूसही न करता एकदम चार सांगितल्या. त्याला वाटलं, या बाई जाणकार दिसतात.

"बसून तर पाहा," तो म्हणाला. "नाही आवडली तर तुमची प्लास्टिकची वायर आणतो, गुंडाळून देतो."

मी बसले. अंगाखाली लोखंड आहे असं वाटलंच नाही. पाठीमागून वारा आला आणि तलावाच्या पाण्याचा वास. उठताना मात्र पदर अडकला. वेल्डिंगच्या एका सांध्यावर बारीक टोक राहिलं होतं. तो झटकन पुढे आला... आणि हातभर अंतरावर थांबला. दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"तुमीच सोडवा. माझे हात काळे आहेत."

मी पदर सोडवत होते तेवढा वेळ तो तलावाकडे बघत उभा होता. खुर्ची आवडली की नाही ते मला नक्की सांगता आलं नसतं. ते पाठीमागे घेतलेले हात आवडले.

चारही खुर्च्या घरी आल्या. बाबांनी एका खुर्चीभोवती फेरी मारली, मग वाकून तिच्या पाठीवर बोटानं टकटक केलं. तार वाजली. ते खाली बसले आणि ऑफिसातल्या तारयंत्रावर बोटं चालावीत तशी खुर्चीच्या हातावर चालवून पाहिली — कट्ट, कडकट्ट, कट्ट. चेहरा असा फुलला की मी परत करण्याचा विषयच काढला नाही. शेजारी म्हणू लागले, तारबाबूंच्या घरी तारेच्याच खुर्च्या. बाबा म्हणायचे, "माझी तार आली का लोक रडतात गा. ही पहिली तार पाहिली, जिच्यावर बसून लोक चहा पितात."

त्या अडकलेल्या पदराचं निमित्त भोजराजनं सोडलं नाही. आता त्याला आणखी गिऱ्हाईकं मिळू लागली होती, आणि प्रत्येक खुर्ची पुरी झाली की सांध्यांवरून कापसाचा बोळा फिरवायचा, असं त्यानं ठरवलं. जिथं कापूस अडकेल तिथं कानस. पण त्याच्या निबर हाताला कापूस अडकलेला कळत नाही म्हणे. हलक्या हाताचं माणूस पाहिजे. रविवारी वाचनालय बंद असतं, हे त्यानं कुठून तरी माहीत करून घेतलं होतं.

मी जाऊ लागले. तो कानस चालवायचा, मी कापूस. बोलणं अधूनमधून.

"पंचफुला," तो एकदा म्हणाला. माझं नाव आजीनं ठेवलेलं, जुन्या वळणाचं. "पाच फुलांतून एखादं तरी हासते का, का पाचही वाचनालयातच मिटून ठेवले?"

"ग्रिलवाले, काम करा."

"खुर्चीवाला म्हणा. ग्रिल माणसाले बाहेर ठेवाले असते. खुर्ची, ये बस म्हणाले."

असं काही तो सहज बोलून जायचा आणि मान खाली घालून घासत राहायचा. मी खूप वाचलेली मुलगी. वाक्यं तयार करायला मला वेळ लागत नसे. त्याच्यापुढे लागायचा.

धानाची कापणी उरकून गेली होती, हवेत तणसाचा वास होता, अशा एका रविवारी तो म्हणाला, "एक बोलू? अजून कानस मारली नाही... खरखरीत निघन."

"बोला."

"मले तुमच्यासंग राहाचं आहे. लग्न करून."

मी कापूस फिरवत राहिले. एकाच ठिकाणी, पुन्हा पुन्हा.

"तो सांधा गुळगुळीत आहे," तो हळूच म्हणाला.

"मला माहीत आहे."

यापेक्षा जास्त मी काही बोलले नाही, पण त्याला कळलं. पुढच्याच आठवड्यात तो बाबांकडे आला, स्वच्छ हात करून. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. भोजराजचं घर नदीपलीकडे, कारध्याचं; धानाच्या व्यापारातलं हिंदू घर, वडील नाहीत, आई शकुनबाई. बाबांनी जातीचं नाव काढलं नाही, पैशाअडक्याचं विचारलं नाही. म्हणाले, "माणूस तू चांगला आहेस. मले एकच पाहाचं आहे. तुझ्या घरी आमाले खुर्ची देतील का?"

"देतील," भोजराज म्हणाला. "मी केलेलीच आहे घरी."

"मग येतो. पोरीलेही आणतो."

मुलीनं मुलाचं घर पाहायला जायचं, ही रीत कुठली? मी तसं म्हटलं. बाबा म्हणाले, नसेल तर आजपासून.

फाल्गुनात गेलो. वैनगंगेचं पात्र आटलेलं, वाळूत टरबूज-डांगरांच्या वाड्या, पुलावर मोहाच्या फुलांचा गोड, जड वास. बाबांनी नवा कोट घातला होता आणि उन्हासाठी छत्री घेतली होती. शकुनबाईंनी दारातच या म्हटलं. भोजराजनं केलेली अगदी पहिली खुर्ची बैठकीत मधोमध ठेवलेली. ती त्यांनी स्वतःच्या हातानं बाबांपुढे सरकवली. मला बाजेवर बसवलं. चहा दिला, चिवडा दिला. धानाचे भाव, पोस्टातल्या बदल्या, मला स्वयंपाक येतो का... सगळं नेहमीसारखं. बाबा त्या खुर्चीत अगदी मागे टेकून बसले होते. त्यांना कुणाच्या घरी इतकं सैल बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

निघालो. भोजराज पोचवायला आला. पुलाजवळ आल्यावर बाबांच्या लक्षात आलं, छत्री राहिली. ते एका झाडाखाली थांबले आणि मी आणि भोजराज आणायला परतलो. रस्ताभर तो इतका खुशीत होता की मला त्याच्याकडे बघायचीही लाज वाटत होती. अंगणाच्या फाटकाशी पोचलो...

शकुनबाईंनी खुर्ची अंगणात काढली होती. बादलीतून तांब्या भरून त्या तिच्यावर पाणी ओतत होत्या. तारेवर पाणी कुठं थांबतं? वरून ओतलं की सरळ खाली, मातीत. म्हणून त्या पुन्हा ओतत होत्या. मग पुन्हा.

आम्हाला पाहिलं तेव्हा तांब्या तसाच हातात राहिला.

"धूळ बसली होती," त्या म्हणाल्या.

भोजराज म्हणाला, "धूळ नाही, माय. माणूस बसला होता."

मी आत जाऊन छत्री घेतली आणि एकटी परत आले. बाबांना काही सांगितलं नाही. त्यांनी चालता चालता मला विचारलं, बाई चांगली आहे, नाही का? मी छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरली.

संध्याकाळी भोजराज आला. सायकलच्या कॅरिअरला तीच खुर्ची दोरीनं बांधलेली, कपड्यांचं एक गाठोडं हँडलला. दारात उभा राहूनच त्यानं बाबांना काय झालं ते सांगितलं. काही लपवलं नाही, आईची बाजू सावरली नाही, स्वतःसाठी माफी मागितली नाही. म्हणाला, "ही खुर्ची त्या घरात राहणार नाही. मीही नाही. दुकानातच राहतो आता."

बाबा म्हणाले, "मी तर लहान पोरासारखा खुशीत बसलो होतो गा तिच्यावर." आणि थोड्या वेळानं, "बस. उभा काहून आहेस?"

"कुठं बसू?"

"आणली ना सोबत. सोड दोरी."

तो बसला. बाबा त्याच्यासमोर बसले. दोघांनी चहा घेतला, मी दिलेला. मग बाबा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, याचं म्हणणं समजलं, याच्या मायचंही समजलं. तुझं समजलं नाही. तू सांगितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही.

मी कपबशा उचलून आत गेले.

त्या गप्प राहण्याचा मला पश्चात्ताप नाही. माझा राग खरा होता. डोळे मिटले की खुर्चीतून गळणारं पाणी दिसायचं, आणि त्या पाण्याकडे पाठ करून लग्नाचा होकार द्यायला माझी जीभ तयार नव्हती. भोजराज दर रविवारी यायचा. ओसरीत बाबांशी गप्पा, चहा, आणि निघताना एकच शब्द, "आज?"

"साखर पुरली का चहात?" मी विचारायची.

"पुरली," तो म्हणायचा. "चहात."

आणि जायचा. कधी रुसला नाही, कधी घाई केली नाही. मला कापूस फिरवायला बोलावणं मात्र त्यानं बंद केलं होतं. उपकार केल्यासारखं वाटू नये म्हणून, हे मला उशिरा कळलं.

त्या चैत्रातल्या रविवारी मी बाबांना उद्या सांगते म्हटलं. सोमवारी दुपारी ऑफिसात, यंत्रासमोर बसल्या जागी त्यांची मान खाली गेली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. आसगावच्या काकांना तार गेली ती त्यांच्याच टेबलावरून. सोबत्यानं ती पाठवली आणि मग तो बाहेर पायरीवर जाऊन रडला, असं लोक सांगतात.

पुढचे दिवस भोजराज कुणी न बोलावता येत होता. पाणी भरत होता, माणसांना स्टँडवर पोचवत होता. माझ्याशी तो एकदाच बोलला: "जेवलात?" मी मान हलवली. त्यानं काही न म्हणता ताट आणून समोर ठेवलं आणि मी घास घेईपर्यंत दारात पाठ करून उभा राहिला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मांडव घातला. वंदना झाली, लोक बाबांबद्दल बोलले. जेवणं उरकल्यावर काही नातेवाईक सतरंजीवर थांबले होते. माझे काका परसराम, बाबांचे धाकटे भाऊ, आसगावला धानाची शेती करतात. कष्टाचा, सरळ माणूस. माझ्यावर त्यांचा जीव. त्यांनी सगळ्यांसमोर विषय काढला. पवनीचा एक मुलगा आहे, आपलाच, शाळेत मास्तर. वर्षाच्या आत उरकून टाकू. पोरीनं एकटीनं राहणं बरं नाही.

मी म्हणाले, काका, आज नको.

"आजच. उद्या मी गावाले जातो." मग त्यांनी मांडवाच्या टोकाला सतरंज्या गुंडाळणाऱ्या भोजराजकडे पाहिलं. "अन् तू गा, खुर्चीवाले. लय केलं तू. आता ह्या खुर्च्याही घेऊन जा. आमाले नाही पायजे."

भोजराज उभा राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मला अडचण होऊ नये म्हणून पाहिलं नाही, हे मला त्या क्षणी लख्ख समजलं. त्यानं सतरंजी खाली ठेवली आणि ओसरीतली पहिली खुर्ची उचलली.

"ठेवा ती," मी म्हणाले.

"पंचफुला," काकांचा आवाज खाली आला. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. "ऐक माय. दादानं मले सांगितलं होतं सारं. तुझ्या बापाच्या मागं त्या घरानं पाणी टाकलं. माझ्या भावाच्या मागं. त्या घराचं पोरगं आहे हे. त्या घरी जाशील तू? त्या बाईच्या पाया पडशील?"

काकांचे डोळे भरले होते. त्यांचा प्रश्न खरा होता. इतके आठवडे मी स्वतःला तोच तर विचारत होते. आणि आता दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकताना पहिल्यांदा जाणवलं, की मी प्रश्नच उलटा धरला होता. आम्हाला कुणी खुर्ची देईल का, हे बाबांनी आयुष्यभर विचारलं. कुणाला द्यायची, हे विचारायचा हक्क या घराला आता होता. हे घर माझं होतं. दार माझं होतं.

"त्या घरी मी जाणार नाही," मी म्हणाले. "पाय तर दूरच. ज्या दिवशी त्या बाई स्वतः इथं येतील, आपल्या घरचं पाणी पितील, त्या दिवशी त्यांच्याशी बोलीन. नाही आल्या तर नाही."

"मग झालं तर."

"नाही झालं, काका. मी जाणार नाही. हे येतील. या घरी. त्यांनी तर त्याच दिवशी ते घर सोडलं. मीच दार उघडलं नाही."

"लोक काय म्हणतील?" सतरंजीवरून कुणा बाईनं विचारलं. "नवरा बायकोच्या घरी?"

"म्हणू द्या. तुम्ही पण म्हणा."

काका माझ्याकडे बघत होते. "पण तुझा बाप 'हो' म्हणला होता का?"

"ते माझ्या शब्दासाठी थांबले होते."

खुर्ची हातात धरून भोजराज तसाच उभा होता. ऊन मांडवाच्या फटीतून त्याच्या भुवईवर पडलं होतं. आजवर त्याला मी ग्रिलवाले म्हटलं, खुर्चीवाले म्हटलं, अहो म्हटलं. त्याचं नाव माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. आणि आमच्याकडे तर लग्न ठरलं की ते निघायचं बंदच होतं.

मी उभी राहिले. घरी, बाबांजवळ बोलायची तशी बोलले, पण मांडवाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"मले भोजराज पायजे."